ग्रीन बे पॅकर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेले मराठी तरुण, त्यांचे इकडचे आईवडील आणि पहाटे उठून सामने बघायला लागलेले इथले नवे प्रेक्षक पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. खेळ माहीत असेल तर थेट चौथ्या प्रश्नावर जा, कारण या संघाचं खरं वेगळेपण तिथून सुरू होतं.

१. पॅकर्स हा नेमका कुठला संघ? ग्रीन बे कुठे आलं?

अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन राज्य आहे. तिथे मिशिगन सरोवराचा एक फाटा आत शिरतो आणि त्याच्या टोकाला ग्रीन बे हे शहर वसलं आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ लाख ७ हजारांच्या आसपास. मिलवॉकी तिथून साधारण १९० किलोमीटर, शिकागो त्याच्याही दक्षिणेला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये संघ असलेलं हे सर्वांत लहान शहर आहे. संघ एनएफएलमध्ये, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगमध्ये खेळतो. त्याच्या गटाचं नाव एनएफसी नॉर्थ आणि गटातले बाकीचे तीन संघ म्हणजे शिकागो बेअर्स, डेट्रॉइट लायन्स आणि मिनेसोटा वायकिंग्ज.

२. मला अमेरिकन फुटबॉल अजिबात कळत नाही. सामना समजण्यापुरतं काय माहीत हवं?

प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू मैदानात असतात, पण आक्रमणाचा ताफा वेगळा आणि बचावाचा वेगळा. चेंडू ज्याच्याकडे, त्याला चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये १० यार्ड पुढे सरकलात की नवे चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याला. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, ६ गुण. त्यानंतर लाथेने १ किंवा पुन्हा चाल करून २ गुण मिळवता येतात. लांबून खांबांमधून चेंडू मारला तर फील्ड गोल, ३ गुण. आक्रमण चालवतो तो क्वार्टरबॅक. १५ मिनिटांचे चार भाग असतात, मात्र घड्याळ सतत थांबत असल्याने सामना तीन तासांवर जातो. हंगामात प्रत्येक संघाचे १७ सामने, मग बाद फेरी, आणि शेवटी सुपर बोल. एवढ्या शिदोरीवर पहिला सामना बघायला हरकत नाही. बाकीचं बघता बघता कळतं.

३. ‘पॅकर्स’ हे नाव कशावरून पडलं?

मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीवरून. ११ ऑगस्ट १९१९ रोजी कर्ली लँबो हा तरुण आणि जॉर्ज व्हिटनी कॅल्हून हा स्थानिक वर्तमानपत्रातला पत्रकार यांनी संघ उभा केला. लँबो इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होता. कंपनीने गणवेश आणि साहित्यासाठी ५०० डॉलर दिले आणि सरावाला आपलं मैदान दिलं. पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, नंतर तीही गेली, नाव मात्र राहिलं. त्या कंपनीच्या नावात ‘इंडियन’ असलं तरी भारताशी तिचा काही संबंध नव्हता.

४. या संघाचा मालक कोण?

पाच लाखांहून जास्त माणसं. एनएफएलमधले इतर ३१ संघ एखाद्या अब्जाधीशाचे, कुटुंबाचे किंवा मोजक्या भागीदारांचे आहेत. पॅकर्स ही भागधारकांची ना-नफा संस्था आहे आणि १९२३ पासून तशीच आहे.

ही व्यवस्था कुणा आदर्शवाद्याने आखून आणलेली नाही, ती गळ्यापर्यंत आल्यावर सुचली. १९२१ मध्ये संघ लीगमध्ये आला. त्याच हंगामात महाविद्यालयीन खेळाडूंना खोट्या नावांनी खेळवल्यामुळे परवाना गेला, तो लँबोने पुन्हा मिळवला. पुढच्या हंगामात पावसाने प्रेक्षक घटले आणि कर्ज झालं. तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी ५ डॉलरचा एक असे १ हजार शेअर विकले. ५ हजार डॉलर जमले आणि संघ जगला.

१९३५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. एक प्रेक्षक लाकडी बाकांवरून खाली पडला, त्याने दावा लावला, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि नेमकी संघाची विमा कंपनी बुडाली. संघ न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. लोकांनी पुन्हा शेअर घेतले. १९५० मध्ये तिसऱ्यांदा घेतले, २५ डॉलरला एक. या तीन वेळांपैकी एकदा जरी गावाने हात आखडता घेतला असता, तरी आज ग्रीन बेचं नाव फक्त जुन्या निकालांच्या यादीत सापडलं असतं. त्या काळात लहान शहरांतले बाकीचे सगळे संघ एकामागून एक बंद पडले किंवा मोठ्या शहरांत गेले.

नंतरच्या तीन विक्री १९९७, २०११ आणि २०२१ मध्ये सुरू झाल्या. त्या जीव वाचवण्यासाठी नव्हत्या, पैसा मैदानाच्या बांधकामासाठी हवा होता. किंमत अनुक्रमे २००, २५० आणि ३०० डॉलर.

५. म्हणजे आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखंच ना? शेअर घेतला तर काय मिळतं?

हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो आणि तो रास्त आहे. गावाने पैसा गोळा करून उभी केलेली संस्था, संचालक मंडळ, वार्षिक सभा, हे सगळं ओळखीचं वाटेल. पण कारखान्याच्या सभासदाला उसाचा भाव मिळतो, साखर मिळते, आर्थिक हितसंबंध असतो. पॅकर्सच्या भागधारकाला आर्थिक असं काहीही मिळत नाही. लाभांश नाही, शेअरचा भाव वाढत नाही, बाजारात विकता येत नाही. हंगामी तिकिटासाठी प्राधान्यही नाही.

मिळतं ते एवढंच: प्रमाणपत्र, संचालक निवडताना मत, आणि उन्हाळ्यात लँबो फील्डवर, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानावर, भरणाऱ्या वार्षिक सभेला बसण्याचा हक्क. एका व्यक्तीला २ लाखांपेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत, म्हणजे कुणी पैशाच्या जोरावर ताबा घेऊ शकत नाही. संचालक मंडळातून कार्यकारी समिती निवडली जाते आणि त्या समितीत पगार फक्त अध्यक्षाला असतो. हे सगळं आधी स्पष्ट सांगूनही लोक रांगा लावून शेअर घेतात आणि प्रमाणपत्र चौकट करून दिवाणखान्यात लावतात. मला या संघाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच कारणासाठी.

६. भारतात बसून मला शेअर घेता येईल का?

आत्ता नाही. विक्री कायम चालू नसते. शंभर वर्षांत ती सहा वेळा झाली आहे (प्रश्न ४), आणि २०२१-२२ च्या विक्रीत भारतातल्या पत्त्यावर शेअर मिळत नव्हता. तुमचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल आणि पुढची विक्री निघाली, तर त्यांनी तिथल्या पत्त्यावर घेणं हा सरळ मार्ग. शेअर जवळच्या नातेवाइकाला भेट देता येतो किंवा वारसाने जातो, पण पैसे घेऊन तिऱ्हाइताला देता येत नाही. इंटरनेटवर कुणी ‘पॅकर्सचा जुना शेअर’ विकत असेल तर ती जुन्या कागदाची विक्री आहे असं समजा. त्याने मताचा हक्क येत नाही.

७. इतकी चांगली पद्धत आहे, तर दुसऱ्या शहरांनी ती का उचलली नाही?

लीगचे नियम आडवे येतात. प्रत्येक संघात एक प्रमुख मालक हवा, त्याच्याकडे ठरावीक वाटा हवा आणि भागीदारांच्या संख्येवर मर्यादा हवी, असं एनएफएलची नियमावली सांगते. ना-नफा संस्थेला नवा संघ मिळत नाही. पॅकर्सची रचना या नियमांच्या आधीची असल्याने त्यांना सूट आहे. त्यामुळे हा प्रकार एकुलता एक आहे आणि नियम बदलले नाहीत तर तसाच राहील.

८. एवढ्याशा गावाला न्यूयॉर्क आणि डॅलसशी बरोबरी परवडते कशी?

तीन कारणं, आणि तिन्ही लागतात.

पहिलं, दूरचित्रवाणीचा पैसा. १९६१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून लीगला सर्व संघांच्या वतीने प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली. मिळालेली रक्कम सर्व संघांत समान वाटली जाते. न्यूयॉर्कच्या मालकांनी तेव्हा ही समान वाटणी मान्य केली, ते फार महत्त्वाचं ठरलं. आज पॅकर्सना या राष्ट्रीय उत्पन्नातून वर्षाला ४० कोटी डॉलरहून जास्त मिळतात, म्हणजे डॅलसला मिळतात तेवढेच. हा आकडा आपल्याला माहीत असतो तोही पॅकर्समुळे, कारण भागधारकांना ताळेबंद दाखवणारा हा एकमेव संघ आहे. इतर मालक हिशेब उघड करत नाहीत.

दुसरं, १९९४ पासून खेळाडूंच्या एकूण पगारावर असलेली कमाल मर्यादा. श्रीमंत मालकाला नुसत्या पैशाच्या बळावर सगळे चांगले खेळाडू उचलता येत नाहीत.

तिसरं, संपूर्ण राज्याचा आधार. १९३३ ते १९९४ या काळात पॅकर्स दरवर्षी काही ‘घरचे’ सामने मिलवॉकीत खेळत, कारण तिथे प्रेक्षक आणि पैसा जास्त होता. मिलवॉकीच्या जुन्या तिकीटधारकांसाठी आजही वेगळा हंगामी संच आहे. २००० साली ग्रीन बे ज्यात येतं त्या ब्राउन काउंटीच्या मतदारांनी मैदानाच्या नूतनीकरणासाठी स्वतःवर अर्धा टक्का विक्रीकर लावून घेतला. तो २०१५ मध्ये थांबला.

९. पॅकर्स किती वेळा विजेते? कुणी ४ म्हणतं, कुणी १३.

दोन्ही बरोबर. लीगची विजेतेपदं १३ आहेत आणि एनएफएलमध्ये त्याहून जास्त कुणाचीही नाहीत: १९२९, १९३०, १९३१, १९३६, १९३९, १९४४, १९६१, १९६२, १९६५, १९६६, १९६७, १९९६ आणि २०१०. सुपर बोल १९६६ च्या हंगामापासून सुरू झाला, म्हणून त्यांपैकी शेवटची चारच सुपर बोलची.

हे चार असे. जानेवारी १९६७, कॅन्सस सिटी चीफ्सवर ३५–१०. जानेवारी १९६८, ओकलंड रेडर्सवर ३३–१४. जानेवारी १९९७, न्यू इंग्लंड पेट्रियट्सवर ३५–२१. फेब्रुवारी २०११, पिट्सबर्ग स्टीलर्सवर ३१–२५. एक हरलेला सुपर बोलही आहे: जानेवारी १९९८, डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून ३१–२४.

गोंधळाची आणखी एक जागा म्हणजे १९२९ ते १९३१. तेव्हा अंतिम सामना ठरलेला नसे, गुणतक्त्यात जो वर तो विजेता. ठरीव अंतिम सामना १९३३ पासून आला. १९३१ मध्ये पोर्ट्समथ स्पार्टन्सशी हंगामाच्या शेवटी एक सामना तात्पुरता ठरला होता. पॅकर्सनी तो खेळायचं टाळलं आणि विजेतेपद राखलं. नियमात बसत होतं, पण पोर्ट्समथच्या लोकांचा राग समजण्यासारखा होता.

१०. मैदानाला ज्याचं नाव आहे तो कर्ली लँबो कोण?

ग्रीन बेचाच मुलगा. नोत्र दाम विद्यापीठात एक हंगाम खेळून, टॉन्सिल्सच्या आजारामुळे घरी परतला आणि मग संघ काढला. तो खेळला, प्रशिक्षक झाला, व्यवस्थापनही पाहिलं. पहिली सहा विजेतेपदं त्याची. बाकीचे संघ चेंडू घेऊन नुसते धावत होते, त्या काळात त्याने चेंडू हवेतून फेकण्यावर भर दिला. खेळाच्या इतिहासात हे त्याचं खरं योगदान.

शेवट मात्र कटू झाला. १९४६ मध्ये त्याने सरावासाठी रॉकवुड लॉज ही महागडी वास्तू घ्यायला लावली, संघ हरू लागला, तिजोरी आटली. जानेवारी १९५० मध्ये लॉज जळून खाक झाला आणि आठवड्याभरात लँबोने राजीनामा दिला. लॉजच्या विम्याचे ७५ हजार डॉलर आणि त्याच वर्षीची शेअरविक्री, यांवर संघ तरला. १९६५ मध्ये लँबो वारला आणि त्या वर्षी मैदानाला त्याचं नाव दिलं गेलं.

११. विन्स लोंबार्डीचं एवढं नाव का? सुपर बोलचा चषक त्याच्या नावाने का आहे?

१९५८ मध्ये पॅकर्स १२ पैकी फक्त १ सामना जिंकले होते. १९५९ मध्ये लोंबार्डी प्रशिक्षक म्हणून आला. ब्रुकलिनचा, इटालियन कुटुंबातला, कधीकाळी शाळेत शिकवणारा आणि आधीची काही वर्षं न्यूयॉर्क जायंट्सचा सहायक प्रशिक्षक. पहिल्याच हंगामात संघ ७ सामने जिंकला, ५ हरला. दुसऱ्या हंगामात अंतिम सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सकडून १७–१३ ने हरला. त्यानंतर लोंबार्डीचे पॅकर्स बाद फेरीचा एकही सामना हरले नाहीत. सात वर्षांत पाच विजेतेपदं, त्यांतली शेवटची तीन सलग.

त्याच्या खेळात गुंतागुंत कमी होती. ‘पॅकर्स स्वीप’ नावाची त्याची एक चाल सगळ्या लीगला पाठ होती: दोन्ही गार्ड (आघाडीच्या रांगेतले, वाट मोकळी करणारे खेळाडू) मागून निघून बाजूला धावतात आणि त्यांच्या आडोशाने पॉल हॉर्नंग किंवा जिम टेलर चेंडू घेऊन पळतो. ती येणार हे माहीत असूनही तिला थांबवता येत नसे, कारण तिचा सराव शेकडो वेळा झालेला असे.

मैदानाबाहेरची एक गोष्ट मला त्याच्या विजेतेपदांइतकीच मोठी वाटते. जे हॉटेल किंवा दुकान कृष्णवर्णीय खेळाडूंना दारात घेणार नाही, तिथे संघातला कुणीच जाणार नाही, असं त्याने गावाला बजावलं. विली डेव्हिस, हर्ब ॲडरली, विली वूड हे त्याच्या संघाचे आधारस्तंभ होते आणि तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले.

सप्टेंबर १९७० मध्ये, ५७ व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला. त्याच वर्षी लीगने चषकाला त्याचं नाव दिलं.

१२. आइस बोल काय होता?

३१ डिसेंबर १९६७. एनएफएलचा अंतिम सामना (तेव्हा सुपर बोल त्यानंतर, एनएफएल आणि दुसऱ्या एका लीगच्या विजेत्यांत होई), लँबो फील्ड, समोर डॅलस काउबॉइज. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. त्याच वर्षी मैदानाखाली हिरवळ उबदार ठेवणाऱ्या विजेच्या तारा बसवल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. आच्छादन काढल्यावर खालचा ओलावा गोठला आणि मैदान काचेसारखं कडक झालं. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, म्हणून त्यांनी उरलेला सामना ओरडून चालवला. तरीही ५० हजारांवर माणसं बसून होती.

पॅकर्स आधी १४–० पुढे होते, मग १७–१४ मागे पडले. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असताना चेंडू त्यांच्याकडे आला आणि ६८ यार्ड जायचे होते. क्वार्टरबॅक बार्ट स्टारने संघ रेषेच्या अलीकडे, एक यार्डाच्याही आत आणून ठेवला. उरले १६ सेकंद. घड्याळ थांबवायला हाताशी टाइमआउट नाही. फील्ड गोल मारून बरोबरी साधता आली असती. ठरलेल्या चालीत चेंडू चक मर्सीनकडे जायचा होता, पण पाय घसरत होते हे स्टारने पाहिलं होतं. त्याने कुणालाच न सांगता चेंडू स्वतःकडे ठेवला आणि गार्ड जेरी क्रेमरच्या मागून आत झेप घेतली. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे मर्सीनलाही ठाऊक नव्हतं. २१–१७.

पुढचा सुपर बोल त्यांनी मायामीत आरामात जिंकला, पण विस्कॉन्सिनमधल्या जुन्या माणसांना विचाराल तर ते सांगतात आइस बोलबद्दलच.

१३. १९६७ नंतर थेट १९९६? मधली वर्षं कुठे गेली?

वाईट गेली. १९६८ ते १९९१ या २४ हंगामांत संघ फक्त दोनदा बाद फेरीत पोचला, १९७२ आणि १९८२. १९७४ मध्ये ३४ वर्षांच्या जॉन हॅडल या क्वार्टरबॅकसाठी पुढच्या खेळाडू-निवडीचे (दरवर्षी संघ महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात) पाच हक्क देऊन टाकले, त्यांत पहिल्या फेरीचे दोन होते. त्या सौद्याने पुढची कित्येक वर्षं खाल्ली. बार्ट स्टारलाच प्रशिक्षक करून पाहिलं, नऊ वर्षं. गावाचं त्याच्यावर प्रेम होतं आणि तरी त्याला काढावं लागलं. तिकिटं मात्र या सगळ्या काळात संपलेलीच असायची. १९९१ च्या अखेरीला रॉन वुल्फ महाव्यवस्थापक झाला, त्याने माइक होल्मग्रेनला प्रशिक्षक म्हणून आणलं, आणि गाडी रुळावर आली.

१४. फार्व, रॉजर्स आणि लव्ह यांचा क्रम समजावून सांगाल?

ब्रेट फार्वला वुल्फने १९९२ मध्ये अटलांटाकडून पहिल्या फेरीचा एक हक्क देऊन घेतलं, तेव्हा लोकांना तो सौदा वेडेपणाचा वाटला होता. २० सप्टेंबर १९९२ रोजी डॉन मजकौस्की जखमी झाला, फार्व उतरला आणि शेवटच्या काही सेकंदांत सिनसिनाटीविरुद्ध सामना काढला. १९९५, ९६, ९७ असा सलग तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला (तिसऱ्यांदा बॅरी सँडर्ससोबत). डिसेंबर २००३ मध्ये वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी तो ओकलंडमध्ये खेळला: ३९९ यार्ड, चार टचडाउन. २००८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, मग परत यायचं म्हणाला. तोवर संघ पुढे गेला होता. त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं. पुढच्याच वर्षी तो वायकिंग्जकडून खेळला. ती जखम भरायला गावाला बरीच वर्षं लागली.

ॲरन रॉजर्स २००५ मध्ये २४ वा निवडला गेला, तीन वर्षं बाकावर बसला आणि २००८ पासून खेळला. २०१० मध्ये संघ बाद फेरीत शेवटच्या क्रमांकाने शिरला, तीन सामने परक्या मैदानांवर जिंकला आणि मग सुपर बोलही. २०११, २०१४, २०२० आणि २०२१ असा चार वेळा तो सर्वोत्तम खेळाडू झाला. २०२३ मध्ये तोही जेट्सकडे गेला.

जॉर्डन लव्हची निवड २०२० ची आणि प्रतीक्षा तशीच तीन वर्षांची. जानेवारी २०२४ मध्ये त्याने डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८–३२ ने हरवलं. १९९२ ते २०२२ या काळात हा संघ जवळपास दोनच क्वार्टरबॅकच्या जोरावर चालला. असं भाग्य आणि असा संयम लीगमध्ये फार दुर्मीळ आहे.

१५. फार्वच्या सलग सामन्यांचा विक्रम २९७ की २५३? मला ३२१ ही दिसतो.

तिन्ही आकडे खरे आहेत, मोजण्याची पद्धत वेगळी. पॅकर्सकडून नियमित हंगामात सलग २५३. पुढचे जेट्स आणि वायकिंग्जकडचे धरून २९७. बाद फेरीचेही धरले तर ३२१.

१६. पॅकर्सचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण?

बहुतेक जण स्टार, फार्व किंवा रॉजर्स म्हणतील. माझं उत्तर डॉन हटसन. १९३५ ते १९४५ या ११ हंगामांत ९९ टचडाउन झेल, आणि तो विक्रम १९८९ पर्यंत टिकला. आठ हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक झेल त्याचे. ७ ऑक्टोबर १९४५ रोजी डेट्रॉइटविरुद्ध एकाच क्वार्टरमध्ये त्याने २९ गुण केले: चार टचडाउन आणि पाच लाथा. पास पकडणाऱ्याने कुठल्या वाटेने धावायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे शास्त्र त्याच्यापासून आकाराला आलं.

संघाने जर्सीचे सहा क्रमांक कायमचे बाजूला ठेवले आहेत: ३ टोनी कॅनाडिओ, ४ फार्व, १४ हटसन, १५ स्टार, ६६ रे निश्की, ९२ रेजी व्हाइट. यांतल्या व्हाइटचं महत्त्व आकड्यांपलीकडचं आहे. १९९३ मध्ये तो मोकळा खेळाडू होता, कुठेही जाऊ शकत होता आणि त्याने ग्रीन बे निवडलं. थंडगार लहान गावात मोठे खेळाडू, त्यातही कृष्णवर्णीय खेळाडू, स्वखुशीने येत नाहीत ही समजूत त्याच्या येण्याने मोडली.

१७. लँबो फील्डचं तिकीट खरंच मिळत नाही का?

हंगामी तिकीट जवळजवळ नाहीच. १९६० पासून ती संपलेली आहेत आणि प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. बाळ जन्मलं की नाव यादीत घालतात. एखाद्या सामन्याचं तिकीट मात्र पुनर्विक्रीतून मिळतं, किंमत सामन्यावर अवलंबून.

मैदान १९५७ चं, ८१ हजारांवर प्रेक्षक बसतात, बराचसा भाग आजही पाठ नसलेल्या बाकांचा. जमीन आणि मैदान शहराच्या मालकीचं. बर्फ पडला की संघ गावकऱ्यांना फावडी घेऊन बोलावतो आणि तासावर पैसे देतो. पर्यटक म्हणून जायचं असेल तर आतली फेरी आणि हॉल ऑफ फेम संग्रहालय सामना नसतानाही पाहता येतं. उन्हाळी सरावाच्या दिवसांत गेलात तर आणखी छान: गावातली मुलं सायकली घेऊन उभी असतात, खेळाडू त्यांच्या इवल्याशा सायकलींवर बसून सरावाला जातात आणि मुलं हेल्मेट धरून शेजारून पळतात. ही प्रथा लोंबार्डीच्या काळापासूनची.

१८. टचडाउननंतर खेळाडू प्रेक्षकांत उडी का मारतात? आणि डोक्यावर चीज?

उडीला ‘लँबो लीप’ म्हणतात. २६ डिसेंबर १९९३ रोजी रेडर्सविरुद्ध रेजी व्हाइटने सुटलेला चेंडू उचलून लिरॉय बटलरकडे टाकला, बटलरने टचडाउन केला आणि आनंदाच्या भरात भिंतीवर झेपावला. त्या दिवशीही कडाक्याची थंडी होती.

विस्कॉन्सिन हे दुधाचं आणि चीजचं राज्य. शेजारच्या इलिनॉयचे लोक त्यांना ‘चीजहेड’ म्हणून हिणवत. १९८७ मध्ये मिलवॉकीतल्या एकाने फोमची त्रिकोणी पिवळी टोपी केली आणि लोकांनी ती शिवी अभिमानाने डोक्यावर घेतली.

१९. बेअर्सशी एवढं वैर का?

शेजार आणि वय. पहिली लढत नोव्हेंबर १९२१ ची, शिकागोने ती २०–० ने जिंकली, तेव्हा त्यांचं नाव स्टेलीज होतं. त्यानंतर २०० हून जास्त सामने झाले, एनएफएलमध्ये इतके कुठल्याच जोडीत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बेअर्सनाच हरवून पॅकर्सनी लीगमधल्या सर्वाधिक विजयांचा त्यांचा मान घेतला.

पण वैराची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५६ मध्ये नव्या मैदानासाठी कर्जरोख्यांवर ग्रीन बेमध्ये सार्वमत होतं. बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस स्वतः तिथे आले आणि गावकऱ्यांना मैदानाच्या बाजूने मत द्यायला सांगून गेले. सार्वमत मोठ्या फरकाने मंजूर झालं. १९५७ मध्ये त्या मैदानावरचा पहिला सामना पॅकर्सनी बेअर्सविरुद्धच, २१–१७ असा जिंकला.

२०. सामना ४०–४० बरोबरीत सुटला असं वाचलं. एनएफएलमध्ये बरोबरी होते?

होते, क्वचित. २८ सप्टेंबर २०२५ रोजी डॅलसमध्ये पॅकर्स आणि काउबॉइज यांच्यात तसं झालं. नियमित हंगामात जादा वेळ १० मिनिटांचा असतो, तो संपला आणि गुण समान राहिले तर बरोबरी नोंदवली जाते. बाद फेरीत निकाल लागेपर्यंत खेळतात.

२१. पॅकर्सकडून कुणी भारतीय वंशाचा खेळाडू खेळला आहे का?

हो, ब्रँडन चिलार. वडील भारतीय, जन्म कॅलिफोर्नियातला. २००८ ते २०१० तो पॅकर्सचा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, होता. २०१० च्या विजेत्या संघात त्याचं नाव आहे, पण दुखापतीमुळे सुपर बोलमध्ये मैदानावर नव्हता. भारतात अमेरिकन फुटबॉलची जी व्यावसायिक लीग सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तिच्या पाठीराख्यांतही तो होता. त्या लीगमध्ये मुंबई आणि पुण्याचे संघ होते.

२२. भारतातून सामना बघायचा तर किती वाजता?

ग्रीन बेच्या आणि आपल्या घड्याळात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेदहा तासांचा आणि त्यानंतर साडेअकरा तासांचा फरक असतो. रविवारी तिथल्या दुपारी १२ चा सामना आपल्याकडे रविवारीच रात्री १०.३० ला, हिवाळ्यात ११.३० ला. तिथल्या ३.२५ चा आपल्या सोमवारी पहाटे १.५५ किंवा २.५५ ला. रात्रीचा ७.२० चा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी ५.५० किंवा ६.५० ला, आणि नोकरी करणाऱ्यांना हाच सर्वांत सोयीचा.

२३. उद्या कुणी अब्जावधी डॉलर देऊ केले तर संघ विकला जाईल का? किंवा दुसऱ्या शहरात जाईल?

संस्था मोडून संघ विकायचा तर भागधारकांची संमती लागेल, आणि विकला तरी त्यांच्या खिशात एक पैसाही येणार नाही. १९२३ च्या मूळ दस्तऐवजात तरतूद होती की संस्था बंद झाल्यास देणी भागवून उरलेली रक्कम गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेला, सैनिकांचं स्मारक बांधण्यासाठी जावी. पुढे संघाची किंमत इतकी वाढली की त्या रकमेचं स्मारक कुणालाही बांधता आलं नसतं. १९९७ मध्ये भागधारकांनी ठराव करून लाभार्थी बदलला. आता ती सगळी रक्कम पॅकर्सच्या धर्मादाय प्रतिष्ठानला जाईल, जे विस्कॉन्सिनमधल्या सामाजिक संस्थांना अनुदान देतं. संचालक, अध्यक्ष, भागधारक, यांपैकी कुणालाही विक्रीतून काही मिळत नसल्याने विकण्याचं कारणच उरत नाही.